‘त्याच्या आदी कोन खाऊन बगनार?’ : एक आजी, एक नातू

चौथीतल्या एका मुलाबद्दल शाळेकडून चिठ्ठी आली. दुकानातून चोऱ्या करतो, मुलांचे डबे उधळतो, खिचडी ताटासकट फेकतो, वर्गात झोपतो, मागून कुणी हात लावला तर मारतो. एका मुलीला ‘मरशील’ अशी धमकी दिली. सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावी तशी एक ओळ होती : ‘घरी फक्त आजी असून ती वेडसर आहे. मुलास वसतिगृहात घालावे.’

पुण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसोबत मी समुपदेशनाचं काम करते. अशा चिठ्ठ्यांत घराचा उल्लेख नेहमी शेवटी येतो. या मुलाच्या बाबतीत शेवटच्या ओळीतून वरच्या सगळ्या ओळींचा उलगडा झाला, आणि ते होईपर्यंत एक वर्ष वाया गेलं होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजी त्याला सोन्या म्हणते. इथे तेच नाव ठेवते.

वर्गशिक्षिकेची वही

सोन्याशी बोलण्याआधी मी त्याच्या बाईंना एक विनंती केली. ‘वाईट वागला’ असं लिहू नका. काय घडलं, कधी घडलं, त्याच्या लगेच आधी काय झालं होतं, एवढंच लिहा. चाळीसेक मुलांचा वर्ग सांभाळून त्यांनी ते मनापासून केलं. या प्रकरणातला पहिला खरा धागा त्यांच्या वहीतून सापडला.

तो दुकानातून फक्त बंद पुडा उचलायचा. पारले-जी, कुरकुरे, प्लॅस्टिकच्या पाकिटातला केक. बरणीतल्या उघड्या गोळ्या हाताशी असल्या तरी त्यांना बोटही लावायचा नाही. बाईंची पर्स टेबलावर उघडी राहिली होती, तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. डबे उधळायचा तेही सगळ्यांचे नाही, शेजारी बसणाऱ्या दोघा-तिघांचे, म्हणजे ज्यांच्याशी त्याचं पटायचं त्यांचेच. ज्या मुलीला धमकी दिली म्हणून तक्रार होती, तिला तो नेमकं म्हणाला होता, “खाऊ नको, मरशील.” पाण्याची बाटली सुतळीनं कमरेला बांधलेली असायची आणि लघवीला जातानाही तो ती सोडायचा नाही. झोप लागायची ती सकाळच्या पहिल्या दोन तासांत, मान खाली पडेल अशी.

हे एकापुढे एक मांडलं की चोर, भांडखोर, आळशी असे तीन वेगळे दोष राहत नाहीत. त्या पोराची खात्री होती की उघड्या अन्नात आणि पाण्यात विष असतं. तो स्वतःला सांभाळत होता, आणि ज्यांच्यावर जीव होता त्यांनाही सांभाळत होता. ‘मरशील’ ही त्याची काळजी होती.

तोवर शाळेत कुणीतरी ‘एडीएचडी असेल’, म्हणजे अवधान न टिकण्याचा दोष असेल, असं म्हटलं होतं, आणखी कुणी ‘मतिमंद आहे, तपासून घ्या’ म्हणालं होतं. दोन्ही तपासण्या मी थांबवून ठेवल्या. जो मुलगा रात्री झोपत नाही आणि दिवसा जेवत नाही, त्याचं अवधान मोजून हाती फक्त त्याची भूक आणि जागरण लागलं असतं.

घर

पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत त्यांची पत्र्याची खोली आहे, भाड्याची. आजी साठीच्या आसपासची. बहात्तरच्या दुष्काळात आईबापाबरोबर करमाळ्याकडून पुण्यात आली तेव्हा परकर नेसायची, एवढं तिला आठवतं. बांधकामावर काम केलं, मग धुणीभांडी, मग नवरा गेल्यावर भंगार. पहाटे गोणी घेऊन निघायची. पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, बाटल्या निवडून विकायची. पुण्यात १९९३ पासून कचरावेचकांची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि तिच्या सभासदांना ओळखपत्र मिळतं. आजीनं ते कधी काढलं नाही. अंगठा उठवला की आपलं काहीतरी लिहून घेतात, असं तिचं ठाम मत.

तिचा आजार जुना होता. वस्तीतल्या वयस्कर बायका सांगतात, पहिल्या बाळंतपणानंतरच ती ‘घाबरी’ झाली. सासरच्यांनी देवऋषी केला, मांढरदेवीला नेऊन आणलं. एकदा नवऱ्यानं दवाखान्यात भरती केलं, तिथे तिला बांधून ठेवलं होतं. त्यानंतर दवाखाना म्हटलं की ती कडी लावून घ्यायची. मधली काही वर्षं बरी गेली. लेकीला तिनं एकटीनं वाढवलं, लग्न लावून दिलं.

लेक, म्हणजे सोन्याची आई, २०१६ मध्ये गेली. सातवा महिना चालू होता, डोळे पिवळे झाले, आठवड्याभरात शुद्ध हरपली आणि दवाखान्यात दोन दिवसांत गेली. रक्ताचा रिपोर्ट हाती नाही, पण शेजारणींनी केलेलं वर्णन ऐकून डॉक्टरांनी हिपॅटायटिस ईची शक्यता सांगितली. हा विषाणू मैला मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून पसरतो. एरवी माणूस बहुतेक वेळा त्यातून बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो जिवावर बेतू शकतो. सोन्या तेव्हा तीन वर्षांचा. बापानं वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि पोर आजीच्या पदरात आलं.

तेव्हा ते दांडेकर पुलाजवळ खालच्या वस्तीत राहत. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि पाणी त्या घरांमधून धावलं. माणसं वाचली. आजीच्या पेटीतले कागद गेले : लेकीच्या मृत्यूचा दाखला, नवऱ्याचा दाखला, रेशनकार्ड, सोन्याचा जन्मदाखला. त्यानंतर ती वर डोंगरावर राहायला आली आणि तिथून पुढे तिचा आजार थांबलाच नाही.

आता तिचं म्हणणं ऐका. “माजी लेक पान्यानं मारली. मग आमाला मारायला पानी सोडलं. आता नळात टाकत्यात.”

पहिली दोन वाक्यं नीट वाचली तर त्यात भ्रम फार थोडा आहे. लेक बहुधा पाण्यामुळेच गेली होती. घरात पाणी खरंच शिरलं होतं. आजारानं केलं ते एवढंच की या दोन आपत्तींच्या मागे एक हात दिसू लागला, कुणीतरी ठरवून करणारा. तो हात कधी शेजारणीचा असायचा, कधी नळ सोडणाऱ्याचा, कधी शाळेत खिचडी वाढणाऱ्या बचत गटाच्या बाईचा. अशा बाईला ‘तुम्हाला वेड लागलंय’ म्हणणं निर्दयपणाचं तर आहेच, शिवाय वस्तुस्थितीलाही धरून नाही.

घरातला रोजचा क्रम मला सोन्यानं सांगितला, जसं दुसरं मूल टीव्हीवरची मालिका सांगेल तितक्या सहजपणे. आजी रात्री सगळी वस्ती झोपली की चूल पेटवते. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबते. भात झाला की आधी ती एक घास खाते, मग बसून राहते. तासभर काही झालं नाही तर सोन्याला उठवते आणि भरवते. पाणीही तसंच. “आजीला काय झालं असतं तर मी वाचलो असतो,” तो म्हणाला. जेवायला दोन वाजायचे. मग झोपायचं, पण आजी जिवंत आहे ना म्हणून तो मधूनमधून तिच्या नाकाशी हात धरून बघायचा.

एवढ्या जुन्या आजाराची, उपाशी बाई नातवासाठी रोज विषाची परीक्षा देत होती. घरात मार नव्हता, शिवी नव्हती. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास ती फाटकाशी उभी असायची. लोकांना ते वेड वाटायचं. या मुलावर प्रेम झालं नाही, असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य नाही. त्याला मिळालेलं प्रेम त्याला उपाशी आणि जागं ठेवत होतं, खरी अडचण ती होती.

निदानाचा प्रश्न

आजीचं निदान मानसोपचारतज्ज्ञांनी पुढे केलं : दीर्घकाळचा स्किझोफ्रेनिया, संशयाचा भ्रम ठळक, उपचार जवळपास नाहीत. सोन्याचं काय, हा अवघड प्रश्न. एकाच्या भ्रमात दुसरा सामील होतो, हे १८७७ मध्ये लासेग आणि फाल्रे या फ्रेंच डॉक्टरांनी मांडलं. दोघं जगापासून तुटून एकत्र राहत असतील, एकाचा दुसऱ्यावर प्रभाव असेल आणि सांगितली जाणारी गोष्ट अगदीच अशक्य वाटणारी नसेल, तर असं घडतं हे त्यांनी नोंदवलं होतं. इथे तिन्ही गोष्टी हजर होत्या.

तरीही मी सोन्याच्या कागदावर ते निदान लिहिण्याच्या विरोधात होते आणि डॉक्टरही त्याच मताचे निघाले. तीन वर्षांचं मूल जगात काय खावं, कुणावर विश्वास ठेवावा, हे घरच्या मोठ्या माणसाकडून शिकतं. सोन्यानं तेच केलं. शिकवणारी आजारी होती, शिकणारा नव्हता. शिवाय अशा कागदाचं ओझं मुलाला शाळा संपेपर्यंत वाहावं लागतं.

इतर नोंदी थोडक्यात. वयाच्या मानानं वजन कमी, रक्त कमी. जोडाक्षरं वाचता येत नव्हती. वहीतली गणितं चुकायची, पण गोणीतला माल किती किलो भरेल आणि त्याचे किती येतील, हे तो तोंडी अचूक सांगायचा.

दारापर्यंत पोचणं

भ्रमाशी वाद घालून तो जात नाही. हो ला हो मिळवलं तर पक्का होतो. मधली वाट अशी की माणसाची भीती खरी मानायची, तिच्या कारणावर बोलायचंच नाही. मी आणि वस्तीतल्या आशा आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, दारातच बसायचो. आजीनं आत या म्हणावं असा आग्रह नको म्हणून चहाही मागायचो नाही, आमच्याकडचंही काही द्यायचो नाही. बोलणं झोपेवर यायचं, गुडघ्यावर यायचं. “लई दिस झाले, डोळ्याला डोळा नाय,” हे तिनं स्वतःहून सांगितलं. तिच्या लेखी दुखणं एवढंच होतं, म्हणून उपचाराची सुरुवात तिथूनच होणार होती. वस्तीजवळच्या दवाखान्यात रक्त तपासायला ती तयार झाली, कारण ‘झोप का येत नाही ते रक्तात कळतं’ हे तिला पटलं. ते खोटंही नव्हतं. उतारवयातल्या भ्रमात थायरॉइड, साखर, बी-१२ बघायलाच लागतं. तिचं बी-१२ खूप कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, थोडी तरतरी आली. संशय तसाच राहिला.

याच काळात एक सल्ला अनेकांनी दिला, अगदी शिकलेल्यांनीही : गोळी चहात घाला, तिला कळणार नाही. आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि नातेवाईक ते हतबल होऊन करतात, हे मला ठाऊक आहे. इथे मात्र मी ते कुणालाही करू दिलं नसतं. लोक माझ्या खाण्यात काहीतरी मिसळतात, अशी जिची खात्री आहे, तिच्या खाण्यात आपणच काहीतरी मिसळायचं म्हणजे तिचा आजार आपल्या हातानं खरा करायचा. आणि ते कधी ना कधी कळतंच. कळल्यावर आमच्यासाठी ते दार कायमचं बंद झालं असतं, आणि सोन्यासाठीही.

सोन्याला लगेच बाहेर का काढलं नाही, असं मला विचारलं गेलं. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार, ज्याचा पालक सांभाळ करण्यास असमर्थ आहे असं बाल कल्याण समितीला आढळतं, ते मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं. त्याच कायद्याचं तत्त्व असंही सांगतं की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आमच्यापुढे तोल असा होता : एका बाजूला उपासमार आणि जागरण, दुसऱ्या बाजूला त्याच्या आयुष्यात उरलेलं एकमेव माणूस. शाळेत उकडलेलं अंडं आणि केळं देता येईल, कारण सोलायच्या वस्तू ‘बंद’ असतात, हे बाईंच्या लक्षात आलं. ते त्यानं खाल्लं. दुपारी शाळेच्या ग्रंथालयात तासभर झोपायची परवानगी मिळाली. तेवढ्यावर काही आठवडे निघत होते, म्हणून घर मोडायची घाई केली नाही.

तीन दिवस

मग आजीनं आतून कुलूप लावलं. सोन्या शाळेत आला नाही. शेजारच्या मावशींनी दार ठोठावलं तर आतून आजीच्या किंकाळ्या. दुसऱ्या दिवशीही तेच. कुणीतरी १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिसऱ्या रात्री आम्ही दारापाशी होतो आणि साध्या वेषातल्या एक महिला पोलीस खाली रस्त्यावर थांबल्या होत्या. दार तोडायचं का, यावर बोलणं झालं. सोन्या आतून उत्तर देत होता, आवाज क्षीण पण ठीक होता, म्हणून थांबायचं ठरलं. पहाटे नळाला पाणी आलं. हंडा दुसऱ्या कुणी भरलेला आजीला चालत नाही, हे आम्हाला माहीत होतं. ती स्वतः कुलूप काढून बाहेर आली.

करमाळ्याकडच्या धाकट्या भावाचा पत्ता आशाताईंनी आधीच काढून ठेवला होता. तो त्या संध्याकाळपर्यंत आला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा माणसाला निर्णय घेता येतो असंच गृहीत धरतो. त्याला तो घेता येत नसेल आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी केल्यावर, तीस दिवसांपर्यंत भरती करता येते. प्रतिनिधी म्हणून भावानं सही केली. येरवड्याला मनोरुग्णालय आहे; पुण्यात ‘येरवड्याला नेतात’ या दोन शब्दांची दहशत काय आहे हे मी वेगळं सांगायला नको. तिच्यासाठी सर्वसाधारण रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात खाट मिळाली, त्याचा मला फार दिलासा वाटला.

कायद्यानं तिच्या होकाराशिवाय नेता आलं असतं. तरी आम्ही तिला सगळं सांगितलं : किती दिवस, कुठे, बांधणार नाहीत, सोन्या कुठे असेल. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “त्याच्या आदी कोन खाऊन बगनार?”

शेजारच्या मावशी त्याला सांभाळायला तयार होत्या. पण आजीचा सगळ्यात जास्त संशय त्यांच्यावरच होता. सोन्याला तिथे ठेवणं म्हणजे तिच्या दृष्टीनं त्याला मारेकऱ्याच्या हाती देणं. म्हणून बालगृहाचा निर्णय झाला. मी आजीला म्हटलं, तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी त्याच्यासमोर आधी खातील, मी त्यांच्याकडून तसा शब्द घेते. ती गाडीत बसली.

चोवीस तासांच्या आत सोन्याला बाल कल्याण समितीपुढे नेलं. आजीवर उपचार चालू असेपर्यंत बालगृहात तात्पुरता प्रवेश, भेटीची सोय आणि घरची सामाजिक चौकशी, असा आदेश निघाला.

बालगृह

स्वयंपाकाच्या मावशींनी शब्द पाळला. पहिल्या दिवशी त्यांनी सोन्याला स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसवलं. पातेल्यात काय काय पडतं ते त्याला दिसत होतं. मग त्याच्याच ताटातून एक घास घेतला आणि गप्पा मारत बसल्या. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तास मोजला. पुढच्या जेवणाला अर्धा तास. आठवड्याभरात त्यांनी घास घेतला की तो लगेच जेवू लागला, आणि मग एक दिवस पंगतीत बसला. या बाईंना मानसशास्त्राचं कुठलंही प्रशिक्षण नव्हतं. भीती हळूहळू, सुरक्षित अनुभवातून उतरवायची, हे तत्त्व त्यांनी कुणी न सांगता बरोबर वापरलं. या प्रकरणात माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम त्यांचं आहे.

झोप पूर्ण होऊ लागल्यावर तीन आठवड्यांनी त्याची चाचणी केली. बुद्धी वयानुरूप. अवधानाचा दोष नाही. मागे पडलेला अभ्यास तेवढा भरून काढायचा होता.

एके दिवशी त्यानं विचारलं, “म्हंजे आजी खोटं बोलते?” या प्रश्नाची मी वाट बघत होते. मी म्हटलं, वस्तीतला कुत्रा रात्री वाऱ्यानं पत्रा हलला तरी भुंकतो ना? त्याला खरंच चोर आल्यासारखं वाटतं, तो खोटं भुंकत नाही. आजीच्या मेंदूत तसं होतं. औषधानं ते भुंकणं कमी होतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मग मी उठून बघायचं का नाय?” मी सांगितलं, तू नाही बघायचं. ते मोठ्यांचं काम आहे. हे त्याला पुन्हापुन्हा सांगावं लागलं, अजूनही लागतं. आजीच्या गोळ्यांची जबाबदारी सोन्याकडे द्या, हुशार आहे, असं पुढे कुणी सुचवलं तेव्हा मी त्याला ठाम नकार दिला. दहा वर्षांच्या मुलानं इतकी वर्षं पहारा दिला, आता त्याला त्यातून मोकळं करायचं होतं.

परत

आजीला भ्रम कमी करणाऱ्या रिस्पेरिडोन या औषधाच्या कमी मात्रेपासून सुरुवात केली. रोजची गोळी घरी चुकणार हे उघड होतं, म्हणून पुढे दर काही आठवड्यांनी घ्यायचं, त्याच कामाचं फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन ठरलं, तिला समजावून आणि तिच्या होकारानं. औषधामुळे हात थरथरतात का, चालताना अंग ताठ होतं का, हे दर वेळी बघावं लागतं आणि त्यावरची गोळीही असते. संशय पूर्ण गेला नाही. “टाकत असतील, पर लई नाय,” असं ती आता म्हणते. हंड्याला फडकं बांधतेच. पण स्वयंपाक सातला होतो, आणि दोघं दहाच्या आत झोपतात. डॉक्टरांनी याला पुरेशी सुधारणा म्हटलं; मलाही ते पटतं. तिचं मत बदललं नाही तरी चालेल, पोराच्या पोटात वेळेवर अन्न पडतंय.

समितीनं सोन्याला एकदम घरी पाठवलं नाही. आधी शनिवार-रविवार, मग सुट्टी, मग देखरेखीच्या अटीवर ताबा. इंजेक्शनची तारीख आशाताईंच्या वहीत, सोन्याची हजेरी बाईंच्या. दोन्हींपैकी काही चुकलं की तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारात जातं.

कागद आणि पैसे

हा भाग लांबला, आणि याच्याशिवाय बाकी सगळं टिकलं नसतं. भंगार वेचून रोज मिळेल त्यावर दोन पोटं, भाडं आणि रुग्णालयाच्या फेऱ्या भागत नाहीत. ज्या दिवशी इंजेक्शन त्या दिवशी कमाई शून्य. सोन्यासाठी बालसंगोपन योजनेत अर्ज केला. ती रक्कम २०२३ पासून महिना २,२५० रुपये आहे. आजीसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, महिना १,५०० रुपये. दोन्हींना दाखले लागतात, आणि ते कालव्याच्या पाण्यात गेलेले. लेकीच्या मृत्यूची नोंद महापालिकेच्या दप्तरातून नव्यानं काढली. नवऱ्याच्या दाखल्यात नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र. पुण्यात पन्नास वर्षं काढलेल्या बाईला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा गोळा करावा लागला. संजय गांधी योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं, म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. गोणीभर पुठ्ठा विकणारी बाई त्यात बसेल की नाही याचा घोर लागून राहावा, इतकी ती मर्यादा खाली आहे. ती वाढली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही अर्ज मंजूर झाले. बँकेचं खातं उघडताना अंगठा द्यायला आजी तयार नव्हती. काय लिहिलं आहे ते पूर्ण वाचून दाखवल्यावर, आणि त्याची प्रत तिच्या हातात ठेवल्यावर, तिनं दिला.

आजची स्थिती

सोन्या पाचवीत गेला आहे. खिचडी खातो, पाणी मात्र घरूनच आणतो. मागून कुणी हात लावला तर अजून दचकतो, मारत नाही. गेल्या पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तेव्हा आजीचा संशय वाढला, दोन रात्री झोप गेली. सोन्यानं ते बाईंना सांगितलं, इंजेक्शन आठवडाभर अलीकडे घेतलं आणि भरती टळली. त्या गढूळ पाण्याबद्दल वस्तीतल्या बायकांनी लेखी तक्रार दिली. तिच्यावर आजीचाही अंगठा आहे.

न सुटलेला प्रश्न मोठा आहे. आजीचं वय वाढतंय. भाऊ पोराला नेणार नाही, बापाची तयारी नाही. शेजारच्या मावशींचं नाव गरज पडल्यास सोन्याचा सांभाळ करणारी ‘योग्य व्यक्ती’ म्हणून समितीपुढे ठेवलं आहे. निर्णय बाकी आहे. दरम्यान, मानसिक आरोग्य कायद्यात एक तरतूद आहे : माणूस बरा असताना, पुन्हा आजारी पडलो तर माझ्याशी कसं वागावं, हे लिहून ठेवू शकतो. आजीनं ते लिहून घ्यायला सांगितलं. मला बांधू नका. इंजेक्शन चालेल, चहातून काही देऊ नका. सोन्याला मी कुठे आहे ते समोर बसून सांगा, फोनवर नको. त्याला मला चालत जाऊन भेटता येईल इतक्या अंतरावर ठेवा. प्रतिनिधी म्हणून भावाऐवजी आशाताईंचं नाव तिनं घातलं आहे, आणि साक्षीदारांसमोर अंगठा उठवून तो कागद नोंदणीसाठी दिला आहे.